स्पर्शाचा खेळ आणि गावाचा अभिमान

गावाचा अभिमान ही वस्तू दिसावयास साधी. परंतु तिचे पृथक्करण करू गेल्यास ती बरीच गुंतागुंतीची ठरते. मनुष्यास आपल्या कुळाचा अभिमान वाटतो तो जन्मामुळे आणि विद्येचा वाटतो तो श्रमामुळे. पण ज्या गावात आपण योगायोगाने जन्मलो, अथवा पोटामागे जाऊन स्थायिक झालो, त्या गावाचा अभिमान वाटण्यास काही तरी निमित्त लागते. मोठ्या शहरांस ते शोधावे लागत नाही. त्यांची नावे वर्तमानपत्रांत रोज येतातच. लहान गावास मात्र एखादे देवालय, एखादा किल्ला, एखादा थोर पुरुष, आणि यांतले काहीच नसेल तर निदान शाळेतल्या पोरांचा एखादा जिंकणारा संघ, असे काही तरी बोट दाखवावयास हवे असते. या शेवटच्या निमित्ताचा, म्हणजे खेळातून उपजणाऱ्या ग्रामाभिमानाचा विचार महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांच्या संबंधाने करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मात्र त्यासाठी प्रथम थोडे दूर, अमेरिकेपर्यंत, जाऊन यावे लागेल.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ सालच्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे निर्माण केला. बर्फामुळे मुलांस मैदानावर सोडता येत नव्हते, म्हणून व्यायामशाळेच्या कठड्यास दोन बाजूंस पीच फळांच्या टोपल्या टांगून त्याने त्यांस चेंडू टाकावयास लावले. बंद जागेत धसमुसळेपणा होऊ नये म्हणून प्रतिपक्षाच्या अंगास झोंबणे हा त्याने प्रथमपासूनच दोष ठरविला. पुढे या खेळाने जे मूळ धरले ते इंडियाना संस्थानातील शेतकऱ्यांच्या खेड्यांत. त्याचे कारण काव्यमय नसून हिशेबी आहे. फुटबॉलचा संघ उभा करण्यास मुलांची मोठी फौज लागते. बास्केटबॉलला पाच पुरतात, आणि पाच धट्टीकट्टी पोरे कोणत्याही लहान शाळेत निघतात. त्या संस्थानात सर्व शाळांची, मग त्या लहान असोत वा मोठ्या, एकच स्पर्धा भरत असे. २० मार्च १९५४ रोजी मायलन नावाच्या गावातील अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने अंतिम सामन्यात मन्सी या शहराच्या भल्या मोठ्या शाळेस ३२ विरुद्ध ३० गुणांनी हरविले. शेवटच्या क्षणी बॉबी प्लंप या मुलाने टाकलेल्या चेंडूची कथा तेथील लोक अजून सांगतात, आणि ते गाव आजही त्या एका चेंडूवर जगते असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता आपल्याकडे वळू. सह्याद्रीच्या कुशीतून सावित्री उतरते, पोलादपुरावरून वाहत येऊन महाडाजवळ तीस गांधारी मिळते आणि पुढे खाडी होऊन ती समुद्रास जाते. या खोऱ्यात अभिमानाच्या निमित्तांची वाण कधीच नव्हती. महाडापासून काही कोसांवर रायगड. पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ. खुद्द पोलादपुरात ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर व पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १८९६ साली जन्मले ते महाडाजवळच्या नाते गावी. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड ठेवण्यात आले, तेव्हा तर या डोंगरपट्टीचा अभिमान सबंध जिल्ह्याच्या कपाळी लागला.

परंतु किल्ला आणि समाधी ही पूर्वजांची मिळकत होय. पंधरा वर्षांच्या मुलास तीत भर घालता येत नाही. त्याने स्वतः गावाचे नाव राखावयाचे ते कोठे? तर मैदानावर. इंडियानात जे स्थान टोपलीच्या खेळाचे, तेच आमच्या या डोंगरी मुलखात हुतूतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे आहे. आणि येथेही कारण हिशेबीच आहे. या भागात पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. सपाट जागा म्हणजे भाताची खाचरे, आणि बाकीची वरकस जमीन उतारावरची. भात कापून झाले, पेंढा रचला गेला, की एखादे खाचर चार-पाच महिने मोकळे सापडते. ढेकळे फोडावी, पाणी शिंपून धुमस करावी आणि फक्कीच्या रेघा ओढाव्या, की मैदान तयार. चेंडू नको, फळी नको, जाळे नको, पायांत बूटही नकोत. सात पोरे व एक दम एवढ्यावर खेळ उभा राहतो, आणि सात पोरे कोणत्याही वाडीत निघतात.

या खेळास पैशाचे पाठबळ मिळाले ते मुंबईकडून. महाड-पोलादपुरातील पुष्कळ कुटुंबांचा एक तरी कर्ता पुरुष पिढ्यानुपिढ्या मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत राबला. लालबाग-परळच्या चाळींत राहणारा हा चाकरमानी गणपतीस व शिमग्यास गावी येई, आणि येताना गिरणगावातील मंडळांची चुरस, ढालींची हौस व नव्या नियमांची माहितीही बरोबर घेऊन येई. गावाकडील चपळाई मुंबईस आणि मुंबईची शिस्त गावाकडे, अशी ही देवघेव होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे दिवस सरले, तरी मंडळांची नावे व वाडीवाडीतील ईर्ष्या मागे उरली.

हुतूतू हा खेळ जुना आहे. तुकोबांच्या गाथेत मुलांच्या खेळांवरील जे अभंग आहेत त्यांत हुतुतूही आहे. दक्षिणेत हाच खेळ चेडुगुडु, बंगाल्यात हाडुडु. पण जोपर्यंत खेळ गावचा तोपर्यंत नियमही गावचे. कोठे बाद झालेला गडी पुन्हा उठे, ती संजीवनी. कोठे सर्व गडी मरेपर्यंत कोणीच उठत नसे, ती गामिनी. कोठे बाद झालेला गडी मैदानातच राही व केवळ गुण मोजला जाई, तो अमर. दोन गावांचा सामना जमला की निम्मा वेळ खेळात व निम्मा तंट्यात जावा, अशी स्थिती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने व बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने या गोंधळास नियमांचे रूप दिले. १९२३ साली बडोद्यास ते नियम छापले गेले व अखिल भारतीय सामने भरले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशी प्रेक्षकांस दाखविला. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत त्यास जागा मिळाली. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ साली पुरुषांचे व १९५५ साली स्त्रियांचे राष्ट्रीय सामने सुरू झाले. १९७२ साली सदानंद शेट्ये यांस या खेळातील पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी आयुष्य वेचून तो आशियाभर नेला, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्यास पदक लाभले. भाताच्या खाचरातून निघालेल्या खेळाचा हा प्रवास कोणाही मराठी माणसाची छाती फुगविणारा आहे, यात संशय नाही.

परंतु आमच्या मते या खेळाचे खरे मर्म त्याच्या प्रवासात नाही. ते त्याच्या नियमात आहे. क्रिकेटमध्ये गडी बाद होतो तो चेंडूने. दोन पक्षांच्या माणसांची अंगे एकमेकांस न लागताही सबंध सामना पार पडतो. बास्केटबॉलमध्ये अंगास अंग झोंबणे हा दोष ठरतो, हे वर सांगितलेच. हुतूतूत मात्र स्पर्श हेच नाणे आहे. चढाई करणाऱ्याने एका दमात परक्या अंगणात शिरावयाचे, कोणास तरी शिवावयाचे व मध्यरेषेस परत यावयाचे. शिवला गेलेला तो बाद. उलटपक्षी त्यास धरावयाचे तर घोटा धरावा लागतो, कंबर कवटाळावी लागते, तोंडाशी तोंड भिडते, एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगास लागतो. न शिवता हुतूतू खेळणे ही कल्पनाच संभवत नाही. आणि हा खेळ ज्या समाजाने वाढविला, त्याच समाजात माणसाने माणसास शिवू नये हा दुसरा नियम त्याहून कितीतरी कडकपणे पाळला जात होता! एकाच भूमीवर हे दोन नियम शेजारी शेजारी कसे नांदले? उत्तर सरळ आहे: शिवण्याच्या खेळात कोणास घ्यावयाचे हे न शिवण्याचा नियम आधीच ठरवून टाकीत असे. संघ वाडीचा, आळीचा. आणि वाड्या तर जातवार वसलेल्या.

या प्रश्नाचा निकाल लावण्याचा प्रयत्न हिंदुस्थानात जेथे जेथे उघडपणे झाला, त्या स्थळांत महाडही असावे हा केवढा विलक्षण योग! ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने संमत केला व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे त्याप्रमाणे खुले केल्याचे जाहीर केले. पण ठराव कागदावरच राहिला. रामचंद्र बाबाजी मोरे या महाडच्याच तरुणाच्या खटपटीने तेथे १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस हे स्पृश्य समाजातील सहकारीही तीत होते. २० मार्च रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ४ ऑगस्ट रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई-हुकूम निघाला. २५ डिसेंबर रोजी दुसरी परिषद भरावयाची तर मंडपास जागा मिळेना. ती अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. तळ्याचा दावा उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. म्हणजे एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे लागली.

या मोऱ्यांच्या शालेय चरित्रातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाशी अगदी निकट आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत चमकलेला हा मुलगा महाडच्या इंग्रजी शाळेत गेला तेव्हा त्यास प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. त्याने वर्तमानपत्राकडे पत्र लिहून दाद मागितली, तेव्हा प्रवेश मिळाला; परंतु त्याची बसण्याची जागा इतर मुलांपासून वेगळी राहिली. ज्या मुलास वर्गात इतरांच्या शेजारी बसता येत नाही, तो मधल्या सुटीत त्यांच्याबरोबर हुतूतू खेळेल हे संभवत नाही. अशा शाळेच्या संघाने गावोगावच्या ढाली जिंकल्या असत्या, तरी तो अभिमान महाडचा म्हणता आला नसता. महाडातील काहींचाच म्हणावा लागला असता. ग्रामाभिमानातील ‘ग्राम’ या शब्दाचा अर्थ किती माणसांपर्यंत पोचतो, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. ढालींची मोजदाद त्यानंतर.

यावर कोणी म्हणेल, की खेळच ही भिंत पाडतो. गुणी खेळाडूस जात विचारीत कोण बसतो? हा आशावाद गोड आहे, परंतु इतिहास त्यास पूर्ण दुजोरा देत नाही. पालवणकर हे आडनावच कोकणाचे. त्या चांभार कुटुंबातील बाळू पालवणकर हा आपल्या काळचा सर्वश्रेष्ठ हिंदी गोलंदाज. पुण्याच्या हिंदूंनी त्यास युरोपियनांविरुद्ध संघात घेतले, कारण त्याच्यावाचून जिंकणे कठीण होते. पण चहाच्या वेळी तो मैदानाबाहेर वेगळा बसे व त्याचा चहा मातीच्या भांड्यातून येई. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर गडी बाद केले, तरी हिंदू संघाचे नायकपद त्यास मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास मिळाले. चेंडू शिवलेला चालत होता, पेला चालत नव्हता. जिंकण्यापुरता माणूस आपला म्हणणे आणि तो आपला मानणे यांत अंतर आहे, व ते अंतर केवळ धावांनी व बळींनी भरून निघत नाही.

अमेरिकेची साक्षही अशीच आहे. ज्या १९२७ साली महाडास सत्याग्रह झाला, त्याच वर्षी इंडियानाची राजधानी इंडियानापोलिस येथे केवळ निग्रो मुलांसाठी क्रिस्पस अटक्स या नावाची शाळा उघडली. गोऱ्या शाळांत ही मुले नकोत, हाच तिच्या स्थापनेचा हेतू. १९४२ पर्यंत त्या शाळेस संस्थानच्या स्पर्धेत प्रवेशच नव्हता. प्रवेश मिळाल्यावर तिने बारा-तेरा वर्षांत काय केले पाहा. १९५४ साली उपान्त्य फेरीपूर्वी मायलनने तिला हरविले. पण १९५५ साली ऑस्कर रॉबर्टसन या मुलाच्या खेळावर तिने अजिंक्यपद पटकाविले, आणि १९५६ साली एकही सामना न हरता ते राखले. आता मौज अशी, की विजयी संघास शहराच्या मध्यवर्ती स्मारक-चौकात नेऊन जल्लोष करण्याची तेथे रीत होती. १९५४ साली मायलनच्या खेडवळ पोरांनी त्या चौकात खुशाल मिरवून घेतले होते. १९५५ साली अटक्सच्या मुलांची गाडी मात्र चौकाभोवती एक फेरा मारून निग्रो वस्तीकडील बागेत वळविण्यात आली. विजय इंडियानापोलिसचा, त्या शहराच्या शाळेने असे अजिंक्यपद प्रथमच आणलेले, तरी चौक त्यांचा नव्हे! रॉबर्टसन पुढे जगातील अग्रगण्य खेळाडूंत गणला गेला, पण हा सल त्याच्या मनातून गेला नाही.

या दोन्ही उदाहरणांवरून निघणारा निष्कर्ष असा, की मैदानावरील पराक्रमाने चौक व पाणवठा आपोआप मोकळा होत नाही. त्यासाठी कायदा लागतो, परिषद लागते, मार खावा लागतो, दहा वर्षे दावा चालवावा लागतो. जे महाडास तळ्यावर घडले ते कोणत्याही मैदानावर घडू शकले नसते. परंतु म्हणून मैदान निरुपयोगी आहे असे नव्हे. कायदा पाणवठा उघडतो. पण शेजाऱ्याचा स्पर्श सवयीचा करणे कायद्याच्या हाती नाही. ते काम लहानपणीच व्हावे लागते, आणि तशी संधी शाळेच्या मैदानासारखी दुसरीकडे क्वचितच मिळते. वर्गात मुले शेजारी बसूनही मनाने दूर राहू शकतात. हुतूतूच्या साखळीत ज्याचा हात हाती धरावयाचा तो वेळेवर घट्ट धरला नाही, तर चढाई करणारा निसटतो व संघ हरतो. तेथे संकोचाची किंमत तत्काळ गुणफलकावर दिसते. म्हणूनच १९३८ साली मुंबई सरकारने कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची संस्था काढून शाळांसाठी शिक्षक तयार करण्यास आरंभ केला, ही घटना आम्हांस केवळ कवायतीच्या इतिहासातील वाटत नाही. खेळ वाडीकडून शाळेकडे येणे म्हणजे संघ जातीवरून न निवडता हजेरीपटावरून निवडला जाणे होय. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले, आणि १९६१ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाडातच डॉ. आंबेडकरांच्या नावाचे महाविद्यालय काढले, तेव्हा मोऱ्यांस जो हजेरीपट नाकारला गेला होता तो सर्वांसाठी उघडण्याचे काम बरेच पुढे गेले.

आज या खेळास वैभवाचे दिवस आले आहेत. २०१४ पासून व्यावसायिक सामने सुरू झाले. मातीची जागा गादीने घेतली. खेडेगावच्या पोरांवर लक्षावधी रुपयांची बोली लागू लागली. वैभवाबरोबर गर्व येतो व गर्वास धक्काही बसतो. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत इराणने भारताच्या पुरुषांस उपान्त्य सामन्यात व स्त्रियांस अंतिम सामन्यात हरविले, तेव्हा हा खेळ आमच्या बापाचा असे समजणाऱ्यांस चांगलाच बोध झाला असेल. खेळ जो घाम गाळील त्याचा. तो कोणाच्या वतनात लिहिलेला नाही. हा बोध गावपातळीवरही तितकाच खरा आहे.

कोणत्याही शाळेच्या क्रीडापरंपरेचे मोल करावयाचे झाल्यास कचेरीतील काचेच्या कपाटापाशी थांबून भागणार नाही. कपाटातील ढाली संघ किती वेळा जिंकला ते सांगतात; संघात कोण होते ते सांगत नाहीत. त्यासाठी सामना संपल्यावर पाण्याच्या हंड्यापाशी जाऊन उभे राहावे. धुळीने माखलेली, धापा टाकणारी मुले एकच पेला एकमेकांच्या हातून हिसकावून घेत असतील, आणि तो पेला आधी कोणी तोंडास लावला होता हे त्यांपैकी एकाच्याही ध्यानात नसेल, तर त्या शाळेने एकही ढाल जिंकली नसली तरी हरकत नाही. तिचा अभिमान धरण्यास गावास पुरेसे कारण आहे. ही कसोटी इतर गावांस कदाचित कडक वाटेल. महाड-पोलादपूरच्या लोकांस ती कडक वाटण्याचे कारण नाही. ती त्यांच्याच तळ्याच्या काठी सिद्ध झालेली आहे.